जुन्या सीडींपासून हस्तकला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी 1982 साली सीडी बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचायला पुढची बरीच वर्षं गेली, पण आली ती ढिगाने. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीसीडी, भक्तिगीतांचे संच, मासिकांबरोबर फुकट आलेल्या चकत्या, कॉम्प्युटर क्लासच्या सीडी. आता नव्या लॅपटॉपला त्या लावायची सोयच नसते आणि माळा आवरताना त्यांचे गठ्ठे हाती लागतात. फेकवत नाहीत आणि ठेवूनही उपयोग नाही, अशा वेळी हस्तकलेचा विचार येतो. मग कापताना तडे जातात, चिकटवलेलं निघून येतं, रंगाचे पापुद्रे सुटतात. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे: सीडी कशाची बनली आहे हे न पाहता आपण तिला पुठ्ठ्यासारखं वागवतो. म्हणून खाली कृतींबरोबर त्यामागची कारणंही दिली आहेत.

कापायला घेण्याआधी काय पाहावं?

तिच्यात काय आहे ते पाहावं. हा मुद्दा मी सगळ्यात आधी सांगते, कारण पुढची कुठलीही चूक दुरुस्त करता येते, ही येत नाही. लग्नाच्या सीडीत आजी-आजोबांचं चालतं-बोलतं चित्रण असतं आणि बऱ्याच घरांत त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. बाहेरून यूएसबीला जोडायचा सीडी ड्राइव्ह ओळखीत कोणाकडे तरी मिळतो. फोटो स्टुडिओवालेही पेनड्राइव्हवर उतरवून देतात. आधी प्रत काढा, ती उघडून नीट चालते का बघा, मगच कात्री हातात घ्या. एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या सीडीला तर हातच लावू नका. पुढे कधी डॉक्टर जुना स्कॅन मागतात, तेव्हा तीच कामाला येते.

सीडी चालत नसेल तर ओरखडे कोणत्या बाजूला आहेत ते पाहा. खालच्या चकचकीत बाजूचे हलके ओरखडे पॉलिश करून सीडी पुन्हा वाचता येऊ शकते. नाव छापलेल्या बाजूला खोल ओरखडा असेल आणि उजेडासमोर धरल्यावर त्यातून आरपार दिसत असेल, तर तेवढी माहिती गेली असं समजा.

सीडीत बँकेची किंवा ऑफिसची कागदपत्रं होती. ती तशीच तोरणात वापरली तर चालेल?

नको. माहिती छापील बाजूच्या अगदी लगत असते. त्या बाजूवर कटरने मध्यापासून कडेपर्यंत आडव्या-उभ्या खोल रेघा मारा, नाहीतर ती सीडी तुकड्यांच्या कामासाठी राखून ठेवा. त्यापेक्षा उत्तम म्हणजे वरचा चंदेरी थर पूर्ण काढून टाकणं. त्याची रीत पुढे दिली आहे.

सीडी नेमकी कशाची असते?

व्यास 120 मिलिमीटर, जाडी 1.2 मिलिमीटर, मधलं भोक 15 मिलिमीटर. जवळजवळ सगळी जाडी पॉलीकार्बोनेट या पारदर्शक, कणखर प्लास्टिकची. त्याच्या वरच्या अंगाला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर संरक्षणासाठी लाखेसारखा लेप आणि त्यावर छपाई. म्हणजे आपण ज्या बाजूला 'वरची' म्हणून बिनधास्त घासतो, तीच नाजूक बाजू आहे. खालून मात्र जवळजवळ 1.2 मिलिमीटर प्लास्टिकचं कवच आहे.

इंद्रधनुष्याचे रंग दिसतात ते रंगद्रव्यामुळे नाही. प्लास्टिकमध्ये आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ कोरलेली असते. तिचे शेजारचे वेढे एकमेकांपासून फक्त 1.6 मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे मिलिमीटरभर रुंदीत सहाशेहून जास्त. उलगडली तर ही रेघ 5 किलोमीटरच्या पुढे जाईल. एवढ्या बारीक रेघांवर पडलेला उजेड आपापल्या रंगात फाकतो. कलाकामात याचा थेट उपयोग आहे: चमक तुकडा कोणत्या दिशेने बसवला यावर ठरते. सगळे तुकडे एकाच दिशेने लावले तर तुम्ही चालाल तसे रंग एकदम बदलतात. वाटेल तसे फिरवून लावले तर इकडे एक, तिकडे एक असे लुकलुकतात. काय हवं ते आधी ठरवा.

सीडी आणि डीव्हीडी यांत काही फरक करावा का?

जरूर करावा. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि चकाकणारा थर त्यांच्या मधोमध. त्यामुळे तो सहज निघत नाही. उघड्यावर, पावसात टांगायचं काही असेल तर डीव्हीडीच घ्या, साध्या सीडीची चांदी काही महिन्यांत पापुद्र्यांनी गळू लागते. उलट पारदर्शक चकती हवी असेल तर सीडी सोयीची.

घरी माहिती भरायच्या सीडीत रंगाचा एक थर असतो, म्हणून त्या खालून हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसतात. डीव्हीडी जांभळट. कोणतीही रंगरंगोटी न करता एवढ्या छटा मिळतात, तेव्हा ढीग आधी रंगांप्रमाणे निवडून घ्या. कोऱ्या सीडींच्या मोठ्या डब्यात बहुधा एक आरपार पारदर्शक चकतीही असते, ती अजिबात टाकू नका.

कापताना तडे जातात, कड फुटते. काय करू?

तडा प्लास्टिकला जातो त्याआधी वरच्या लेपाला जातो. म्हणून छापील बाजूवर आधी सेलोटेप लावा. मग सीडी चांगल्या गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवा. उकळत्या पाण्यानेही ती मऊ पडत नाही, कारण पॉलीकार्बोनेट नरम व्हायला 147 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, पण गरम असताना ती कमी फुटते. बाहेर काढून, पुसून लगेच कापा. कात्री मोठी, जाड पात्याची हवी. पूर्ण मिटेपर्यंत एका दमात दाबू नका, पात्याच्या मुळाशी धरून थोडं थोडं कापत पुढे सरका. गार झाली की पुन्हा पाण्यात.

आधी कडेपासून भोकापर्यंत सरळ कापून पाकळ्या करायच्या, मग पाकळ्यांचे चौकोन-त्रिकोण. गोलाई कापायची असेल तर कात्री नको, कटरने खूण खोल करत न्या.

डोळ्यांना चष्मा लावाच, साधा असला तरी चालेल. उडालेली ठिकरी काचेइतकीच धारदार असते. जुने वर्तमानपत्र पसरून त्यावरच काम करा आणि कापलेली प्रत्येक कड पॉलिश पेपरने दोनदा घासा. लहान मुलांच्या हाती कापायचं काम देऊ नये.

चंदेरी थर काढून पारदर्शक चकती कशी मिळवायची?

छापील बाजूवर कटरने एक-दोन चिरा पाडा. त्यावर खोक्यांना लावतात ती रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चांदी पट्टीबरोबर निघून येते. उरलेल्या भागावर पुन्हा तेच. घरी भरलेल्या सीडींचं हे चटकन होतं, गाण्यांच्या छापील सीडी थोडा हट्ट करतात. रंगाचा थर मागे राहिला तर सॅनिटायझरने पुसला जातो. ही पारदर्शक चकती काचरंगांसाठी फार सुंदर आहे. खिडकीत टांगली की ऊन तिच्यातून रंग घेऊन जमिनीवर पडतं.

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मात्र वापरू नका. पॉलीकार्बोनेट त्याने पांढरट पडतं आणि बारीक चिरा धरतं.

भोक कसं पाडायचं?

खाली लाकडाचा तुकडा ठेवून हातड्रिलने, अगदी सावकाश. वेग वाढला की प्लास्टिक वितळून ड्रिलला चिकटतं. तापवलेल्या खिळ्याने किंवा सोल्डरिंग आयर्ननेही होतं, पण धूर नाकात जाणार नाही अशा मोकळ्या जागी, आणि मुलांना दूर ठेवून. कडेपासून निदान 5 मिलिमीटर आत भोक घ्या.

फेव्हिकॉलने चिकटवलेलं दोन दिवसांत निघून येतं. कोणता डिंक घ्यावा?

पांढरा फेव्हिकॉल वाळतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. लाकूड, कापड, कागद पाणी शोषतात. सीडी थेंबभरही शोषत नाही. म्हणून दोन सीडी एकमेकींवर चिकटवल्या तर मधला डिंक ओलाच राहतो. एका बाजूला कापड किंवा कागद असेल, तर पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून फेव्हिकॉल खुशाल वापरा.

सीडीवर सीडी किंवा सीडीवर धातू असेल तर अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा डिंक सर्वांत भरवशाचा. ग्लू गन झटपट कामाला ठीक, पण उन्हात किंवा दिव्याजवळ तिचा डिंक सैल पडतो. फेव्हिक्विकने पक्कं बसतं, मात्र आजूबाजूला पांढरट धूसर डाग उमटतो, तेव्हा दिसणाऱ्या जागी नको.

एक गोष्ट लक्षात असू द्या: छापील बाजूवर काही चिकटवलं तर ते सीडीला चिकटत नाही, वरच्या लेपाला चिकटतं. लेप सुटला की डिंक कितीही चांगला असो, सगळं खाली येतं. वजनदार वस्तू नेहमी खालच्या प्लास्टिकच्या बाजूला चिकटवाव्यात.

रंग कोणते टिकतात?

ॲक्रिलिक. आधी हलकं घासणं, मग पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात, तो पुरता वाळल्यावर चित्र. घाई केली की पापुद्रे. शेवटी पाण्यात मिसळणारं वॉर्निश.

वारली चित्रासाठी तर गोल चकती फारच शोभते. गेरूच्या रंगाचा हात द्या आणि पांढऱ्याने तारपा नाच काढा. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफून वळत जाणारी माणसांची रांग. ही रांग वारली चित्रात बंद वर्तुळ करत नाही, सर्पिल उलगडत जाते, आणि तिच्याखाली सीडीची रेघही तशीच आतून बाहेर गेलेली असते. मधलं भोक बुजवायची गरज नाही, वादकाला थोडा बाजूला घ्या. काडी बोथट चावून केलेल्या कुंचल्याने रेघ जशी येते तशी बारीक ब्रशने येत नाही, हेही करून बघा.

कुंडीला सीडीचे तुकडे लावायचे आहेत. टिकतील का?

मातीच्या कुंडीला बाहेरून लावले तर नक्की. पण कुंडी पाणी झिरपवते, तेव्हा आधी आतून-बाहेरून प्रायमर किंवा जुना ऑइल पेंट देऊन वाळवून घ्या. तुकडे बोटाच्या पेराहून मोठे नकोत, नाहीतर कुंडीच्या गोलाईवर त्यांच्या कडा उचललेल्या राहतात. दोन तुकड्यांत काडीपेटीच्या काडीएवढी फट ठेवा. दुसऱ्या दिवशी व्हाइट सिमेंट श्रीखंडाइतकं घट्ट कालवून फटींत दाबून भरा, अर्ध्या तासाने ओल्या स्पंजाने वरचं पुसून घ्या. या सिमेंटमुळे धारदार कडा झाकल्या जातात आणि पाणी चांदीपर्यंत पोहोचत नाही. कुंडी उन्हात राहणार असेल तर तुकडे डीव्हीडीचे घ्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काही करता येईल?

खणाचे कोस्टर. माझं सर्वांत आवडतं काम हेच, कारण यात डिंक जवळजवळ लागतच नाही. खणाचा, इरकलीचा किंवा जुन्या साडीच्या काठाचा 15 सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा. कडेने दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घाला. सीडीच्या भोकावर पातळ पुठ्ठ्याचा गोल चिकटवा, म्हणजे कापडाला मध्ये खड्डा पडणार नाही. मग सीडी कापडाच्या मधोमध ठेवून दोरा ओढा. चुण्या आपोआप मागे गोळा होतात. गाठ मारा. अशाच दुसऱ्या सीडीला मागच्या बाजूसाठी साधं सुती कापड घाला, दोन्हींच्या चुण्या आत येतील अशा समोरासमोर ठेवा आणि कडेने बारीक टाके घालून शिवून टाका. कोस्टर वजनदार होतो, पेल्याला चिकटून वर येत नाही, आणि वरवर धुताही येतो. खण कापताना बुट्टी मधोमध येईल असं पाहा. थोडं कापड वाया जातं, पण बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.

सीडीचं घड्याळ?

घड्याळाचं मशीन सुटं मिळतं. त्याचा दांडा सुमारे 8 मिलिमीटरचा आणि सीडीचं भोक 15 मिलिमीटरचं, म्हणून पुढून-मागून मोठे वॉशर लागतात. मिनिटकाटा 55 मिलिमीटरपेक्षा लांब नको. आकड्यांच्या जागी टिकल्या किंवा कुंदन लावता येतात.

दिवाळीत पणतीखाली सीडी ठेवली तर चालते का?

मातीची, जाड बुडाची पणती असेल आणि सीडीवर फक्त रंग व कुंदन असतील तर चालते. ॲल्युमिनियमच्या वाटीतल्या मेणबत्तीखाली नको, ती वाटी बरीच तापते आणि ग्लू गनने लावलेलं सगळं सरकायला लागतं. आकाशकंदिलात आणि टांगायच्या कामात विजेचे छोटे दिवेच लावा. कुंदन लावलेल्या सीडी दारात मांडून रांगोळी करायची, आणि पाडव्यानंतर उचलून डब्यात ठेवायची, हा सर्वांत सोपा आणि वर्षानुवर्षं चालणारा उपयोग आहे.

गणपतीच्या आरासाचंही तसंच. 2018 साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा, कापड आणि आरशासारखं काहीतरी, असा मखराचा मेळ अनेक जण घालतात. मूर्तीमागे सीडींची प्रभावळ खुलून दिसते, पण समोर प्रखर दिवा लावू नका. उजेड परतून दर्शन घेणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आणि विसर्जनाला निघताना मखरातला एकही तुकडा मूर्तीबरोबर पाण्यात जाऊ देऊ नका.

मुलांना काय करायला द्यावं?

न कापता होणारं. सीडीच्या भोकात गोटी बसवा. नेहमीची गोटी भोकापेक्षा अगदी थोडी मोठी असते, त्यामुळे ती अडकून राहते. वरून ग्लू गनने पक्की करा, वर बाटलीचं झाकण लावा, की गरगर फिरणारा भोवरा तयार. वरून कागदाची रंगीत चकती घालून रंग एकमेकांत मिसळताना बघता येतात.

दुसरं, फुग्याची तरंगगाडी. खेचून उघडायच्या झाकणाची पाण्याची बाटली असते, तिचं झाकण भोकावर हवाबंद चिकटवा. झाकण बंद ठेवून त्यावर फुगवलेला फुगा चढवा, फरशीवर ठेवा, झाकण उघडा आणि हलकेच ढकला. सीडीखाली हवेचा पातळ थर तयार होतो आणि ती फरशी न घासता सरकत जाते. पुण्यातल्या आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी करण्याचा जो वसा घेतला, तो याच जातीचा आहे. त्यांच्या संकेतस्थळावर अशी कितीतरी खेळणी मोफत बघायला मिळतात.

प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारी पेटी घरी करता येते का?

येते, आणि मुलं आठवीपुढची असतील तर हेच करा. बुटांचं खोकं घ्या. एका टोकाला उभी, जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीची फट ठेवा. तिच्या कडा सरळ हव्यात. त्यासाठी कार्डशीटचे दोन तुकडे समोरासमोर लावतात. दुसऱ्या टोकाला डोळ्यापुरतं भोक पाडून त्यावर चांदी काढलेल्या सीडीचा तुकडा लावा, त्यातल्या रेघा फटीला समांतर येतील असा. खोक्याच्या बाकीच्या फटी काळ्या कागदाने बंद करा. आता फट दिव्याकडे धरा आणि सरळ फटीकडे न बघता बाजूला, साधारण 20 अंश नजर वळवून बघा. साध्या पिवळ्या बल्बचा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसतो. सीएफएलचा तुटक, सुट्या रंगीत रेघांचा. एलईडीचा सलग, पण निळा ठळक आणि त्याच्यापुढे थोडा अंधार. तिन्ही दिवे खोलीत 'पांढरेच' वाटत होते!

मग सीडीतून सूर्यग्रहण बघता येईल?

नाही. कधीही नाही. एकावर एक दोन-तीन ठेवूनही नाही. सीडीमुळे सूर्याचा उजेड कमी वाटतो, पण डोळ्याच्या पडद्याला इजा करणारे किरण पुरेसे अडत नाहीत, आणि इजा होताना दुखतही नाही. वरच्या पेटीनेही थेट सूर्याकडे बघू नये, पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उन्हाकडे बघावं.

शेतात सीडी टांगल्याने पाखरं जातात का?

काही दिवस. हुरड्यात आलेली ज्वारी किंवा गोडी धरणारी द्राक्षं राखायची असतील तर काही दिवसही मोलाचे असतात. पण पाखरं हुशार असतात. लकाकणाऱ्या वस्तूने काही होत नाही हे कळलं की ती तिच्या शेजारीच येऊन बसतात. म्हणून आधीपासून लावून ठेवू नका, दाणा भरायच्या वेळी लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. दोन डीव्हीडी पाठीला पाठ लावून, गरगर फिरणारी कडी घालून टांगा. ढगाळ दिवशी फारसा उपयोग नाही. काढणी झाली की मोजून परत आणा, चांदीचे पापुद्रे शेतात गळू देऊ नका.

सायकलच्या मागे सीडी लावली तर रात्री दिसेल?

भरवसा ठेवू नका. खरा रिफ्लेक्टर उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेला परत पाठवतो, म्हणून मागच्या गाडीवाल्याला तो दिसतो. सीडी आरशासारखी उजेड भलतीकडे फेकते. शोभेला लावायची तर लावा, पण रिफ्लेक्टर वेगळा हवाच.

सीडीवर खाऊ वाढला तर?

नको. छपाई, लेप, धातू हे काहीच अन्नासाठी केलेलं नाही. मायक्रोवेव्हमध्ये घालून तडे पाडायची करामतही करू नये. ठिणग्या उडतात आणि विषारी वाफ निघते.

शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ'साठी सीडी मागितल्या आहेत आणि घरी एकही नाही. विकत आणू?

आणू नका, आणि शिक्षकांना तसं मोकळेपणाने सांगा. कोरी सीडी विकत घेऊन ती 'टाकाऊ' म्हणून रंगवायची, यात मुलाला उलटाच धडा मिळतो. शेजाऱ्यांना विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, सायबर कॅफे किंवा फोटो स्टुडिओवाल्याकडे चौकशी करा. नाहीच मिळाल्या तर घरात खरोखर टाकाऊ काय आहे ते शोधा, भोवरा बाटलीच्या झाकणाचाही होतो. शिक्षकांना विनंती एवढीच, की 'उद्या आणा' म्हणू नका, आठवडाभर द्या.

उरलेले तुकडे आणि फुटक्या सीडी कुठे टाकायच्या?

बंबात, चुलीत किंवा होळीत अजिबात नाही. पॉलीकार्बोनेट जाळून निघणारा धूर घरच्यांच्याच छातीत जातो. भंगारवाले सुट्या सीडी बहुधा घेत नाहीत, पण ई-कचरा गोळा करणाऱ्या मोहिमांमध्ये काही ठिकाणी घेतात, आधी विचारून घ्या. धारदार तुकडे जुन्या डब्यात किंवा दुधाच्या पिशव्यांच्या दोन थरांत बांधा, वर 'धारदार' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि सुक्या कचऱ्यात वेगळे द्या. कचरा वेचणारी माणसं तो हातांनीच वेगळा करतात.